काशीवास

ज्या मराठी घरांत मुंजी होतात त्या घरांतील बहुतेक प्रत्येक मुलगा आयुष्यात एकदा काशीस जावयास निघालेला असतो. सोडमुंजीच्या दिवशी बटूच्या हातात काठी, डोक्यावर छत्री आणि खांद्याला फराळाची पुरचुंडी देतात. तो मांडवाच्या दारापर्यंत जातो आणि तेथे मामा त्याचा हात धरतो. "काशीस जाऊ नकोस, तुला माझी मुलगी देतो," असे मामाने म्हणावयाचे आणि बटूने परत फिरावयाचे, असा हा प्रकार. दहा-बारा पावलांत संपणाऱ्या या प्रवासाचे आपल्याला हसू येते. परंतु हे नाटक ज्यांनी बसविले त्यांना काशीस जाणे म्हणजे काय हे चांगले ठाऊक होते. आगगाडी येण्यापूर्वी देशावरचा किंवा कोकणातला मनुष्य काशीस निघाला की देणेघेणे चुकते करी, जमिनीची निरवानिरव करी, आणि वेशीपर्यंत पोचवायला आलेली माणसे रडत माघारी जात. तो परत आलाच तर मावंदे घालीत. आपल्या बोलीत एखाद्या कामाचा पार विचका झाला म्हणजे त्याची 'काशी झाली' असे म्हणतात. पुण्यक्षेत्राच्या नावाला असा अर्थ का चिकटावा, याचे उत्तर मला वाटते त्या वेशीवरच्या रडण्यात असावे.

श्रोतेहो, आज मी बोलणार आहे तो परत न आलेल्यांविषयी. काशीत देह ठेवला की जन्ममरणाचा फेरा चुकतो, मरणाऱ्याच्या उजव्या कानात स्वतः विश्वनाथ तारकमंत्र सांगतो, ही श्रद्धा मराठी माणसाने सगळ्या भारताबरोबर शेकडो वर्षे जपली. त्या श्रद्धेचे दृश्य रूप म्हणजे मणिकर्णिका घाट. विष्णूने चक्राने खोदलेल्या कुंडात शंकराच्या कानातला मणी पडला म्हणून हे नाव, अशी कथा आहे. ते कुंड घाटावर आजही आहे आणि त्याच्याजवळच चिता जळत असतात. पण या श्रद्धेपायी काशीस गेलेल्या मराठी माणसांचा इतिहास वाचू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. मरणाच्या ओढीने किंवा मोक्षाच्या आशेने तेथे गेलेली ही माणसे तेथे जाऊन मरण्यापेक्षा जगलीच फार!

पैठणच्या रामेश्वरभट्टांचे घराणे पाहा. सोळाव्या शतकात हा विद्वान मनुष्य कुटुंबासह काशीस गेला आणि तेथलाच झाला. त्याचा मुलगा नारायणभट्ट. याचा जन्म शके १४३५ मधला, म्हणजे इ. स. १५१३ चा. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्रेवर त्याने 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ लिहिला. विश्वेश्वराच्या मंदिराची त्या शतकाच्या अखेरीस जी पुनर्बांधणी झाली तीतही त्याचा हात होता, असे परंपरा सांगते. त्याचा नातू कमलाकरभट्ट याने १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' पुरा केला. आज आपल्याकडे एकादशी स्मार्त की भागवत, श्राद्धाची तिथी कोणती, असा प्रश्न निघाला म्हणजे शास्त्रीबोवा ज्या ग्रंथाकडे बोट दाखवितात तो हाच. गावाकडून गेलेल्यांनी गावाचे सण कोणत्या दिवशी करावेत हे काशीत बसून ठरविले! त्याच घराण्यातला गागाभट्ट १६७४ च्या ज्येष्ठात रायगडावर उभा होता, हे तर शाळेतल्या मुलासही ठाऊक आहे. पैठण सोडून गेलेल्या कुळातला पुरुष चौथ्या-पाचव्या पिढीला महाराष्ट्रात आला तो राज्याभिषेक करण्यासाठी.

पैठणचेच एकनाथ. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणास लिहिले आणि उरलेले काशीत. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस तो ग्रंथ संपला. अखेरीस नाथांनी स्थळाचा जो निर्देश केला आहे त्यात मणिकर्णिकेच्या तीराचे नाव आहे. लक्षात घ्या, जेथे रात्रंदिवस चिता पेटलेल्या असतात त्या काठावर हा गृहस्थाश्रमी संत मराठीत ओव्या रचीत बसला होता, आणि ग्रंथ हातावेगळा करून तो पैठणास परतला, संसार केला, गोदावरीच्या वाळवंटातल्या पोरास उचलून घरी पोचविले. गंगेवर जाऊन गंगेत न अडकण्याचे हे उदाहरण मला फार आवडते.

याच्या अगदी उलट उदाहरण नागेशभट्ट काळे यांचे. संस्कृत व्याकरणात ज्यांच्या पुढे फारसा कोणी गेला नाही असे हे वैयाकरण काशीचे मराठी रहिवासी. जयपूरच्या सवाई जयसिंगाने अश्वमेधासाठी त्यांस बोलाविले, पण आपण क्षेत्रसंन्यास घेतला असल्याने काशीची सीमा ओलांडता येत नाही, असे कळवून त्यांनी राजाचे आमंत्रण परत केले, अशी आख्यायिका आहे. क्षेत्रसंन्यास हा शब्द आता कानांवर फारसा येत नाही. संसार, भगवी वस्त्रे, दंड-कमंडलू यांच्याशी त्याचा संबंध नाही; 'या क्षेत्राबाहेर पाऊल टाकणार नाही' एवढाच तो संकल्प. मी सरकारी नोकर आहे. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम घेऊन बिऱ्हाड हलविणाऱ्या माणसाला या शब्दाचे आकर्षण वाटावे यात नवल नाही.

मराठी माणसाने या घाटावर दगडही पुष्कळ घातले. अठराव्या शतकात अहल्याबाईंनी मणिकर्णिका घाट बांधून काढला आणि १७८० मध्ये विश्वनाथाचे मंदिर उभे केले. त्यापुढच्या शतकात, १८३० च्या सुमारास, बायजाबाई शिंद्यांनी शेजारीच एक भव्य घाट बांधावयास घेतला, तो स्वतःच्या भारानेच खचला. चिमाजी आप्पांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांना काशीत मुलगी झाली तिचे नाव त्यांनी मणिकर्णिका ठेवले. स्मशानाचे नाव मुलीला ठेवणारा बाप आज आपल्याला विचित्र वाटेल. काशीकराला त्यात काही वावगे वाटत नाही. तीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. तिच्या झाशीचा वेढा ज्याने आतून पाहिला तो वरसईचा विष्णुभट गोडसे मात्र परतणाऱ्यांपैकी. १८५७ साली द्रव्य मिळवून कर्ज फेडावे म्हणून तो घरातून निघाला, मिळविलेले लुटारूंना आणि सोजिरांना देऊन बसला, आणि अखेर खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी आला. त्याचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून निघाला. पैसा गेला, गंगा आली, असा त्याचा हिशेब.

आजाराचा उल्लेख मी अजून केला नाही. काशीस येणाऱ्यांत म्हातारे जसे असत तसे दुखणाईतही असत, आणि सगळे काही ठरल्या मुहूर्तावर मरत नसत. १९०० साली एका बंगाली तरुणाला अशीच एक म्हातारी रस्त्याच्या कडेला मरणोन्मुख पडलेली आढळली. त्याने कोणाकडून तरी चार आणे मागून आणले, तिला दूध पाजले आणि मित्रांना गोळा केले. त्यातून जी संस्था निघाली ती रामकृष्ण मिशनचा सेवाश्रम. काशीत मरणे पुण्याचे असेल, पण काशीत मरणाऱ्याला उचलून बरे करणे हेही देवाचेच काम, असे या मुलांना त्यांच्या गुरूने, विवेकानंदांनी, शिकविले होते. पुढे १९५८ मध्ये मरावयास येणाऱ्यांसाठी मुक्तिभवन निघाले. तेथे साधारण दोन आठवड्यांची मुदत असते असे ऐकल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला, आणि मुदतवाढीचा अर्ज कोणाकडे करावयाचा असतो, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही.

आणि विनोबा. १९१६ मध्ये परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा विशीतला विद्यार्थी वाटेत सुरतेस उतरला आणि काशीस गेला. तो अन्नछत्रात जेवी आणि संस्कृत शिके. त्याच्याबरोबर बेडेकर नावाचा मित्र होता. तो काशीत आजारी पडला आणि दगावला. त्याच्या इच्छेप्रमाणे, भटजी न बोलाविता, विनोबांनी गंगेच्या काठी स्वतः त्याला अग्नी दिला. दोघे मित्र ब्रह्माच्या शोधात आले. एक काशीतच राहिला, दुसरा त्याच वर्षी जूनमध्ये गांधीजींच्या कोचरब आश्रमात दाखल झाला.

ही सगळी थोर माणसे. माझ्या घरातले माणूस थोर नव्हते. माझ्या आजोबांची धाकटी बहीण रत्नागिरीकडच्या एका खेड्यात सतराव्या वर्षी विधवा झाली आणि पंचविसाव्या वर्षी तिला क्षय झाला. त्या काळी क्षय झाला म्हणजे घरातील माणसे रोग्याचे भांडे वेगळे करीत आणि दबक्या आवाजात बोलू लागत. सॅनेटोरियमचा खर्च झेपणारा नव्हता. तिनेच काशीचे नाव काढले. १९४८ च्या मार्गशीर्षात गावच्या यात्रेकरूंबरोबर ती निघाली तेव्हा तिच्या कनवटीला एक पुरचुंडी होती. तीत मणिकर्णिकेवरच्या लाकडांचे आणि क्रियाकर्माचे पैसे मोजून बांधलेले होते. मामाने हात धरून परत आणावे असे ते काशीस जाणे नव्हते.

ब्रह्माघाटाच्या बाजूला मराठी मंडळींची जुनी वस्ती आहे. तेथे एका वाड्यात जिन्याखालच्या खोलीत ती मरणाची वाट पाहत राहिली. शेजारच्या एका काशीकर बाईने तिला धर्मार्थ दवाखान्यात नेले. तेथल्या बंगाली डॉक्टरांनी सांगितले की एक नवे इंजेक्शन निघाले आहे, कलकत्त्याहून मागवावे लागेल, महाग आहे. ते इंजेक्शन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. १९४३ मध्ये अमेरिकेत, शेतातल्या मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवापासून अल्बर्ट शाट्झ आणि सेल्मन वाक्समन यांनी ते शोधून काढले होते. क्षयाच्या जंतूला मारणारे माणसाच्या हाती आलेले पहिले औषध ते हेच. आत्याने रात्रभर विचार केला, आणि सकाळी लाकडांच्या पैशांची पुरचुंडी डॉक्टरांच्या टेबलावर सोडली. ते पुरले नाहीत तेव्हा पाटल्या विकल्या.

ताप उतरला. खोकल्यातून पडणारे रक्त थांबले. एवढ्या एकाच औषधावर अनेकांचा रोग पुढे पुन्हा उलटत असे, कारण जंतू त्याला सरावत. १९५२ नंतर दुसऱ्या गोळ्या जोडीला आल्या तेव्हा ही भीती कमी झाली. तिचा रोग उलटला नाही. पण या औषधाची एक किंमत असे आणि ती तिने भरली. आधी कानांत घंटा वाजू लागल्या, मग चालताना तोल जाऊ लागला, मग उजवा कान पूर्ण गेला आणि डाव्यात थोडेसे उरले. मरावयास आलेली ही बाई अशी बहिरी होऊन वाचली आणि काशीत आणखी पंचेचाळीस वर्षे जगली. आजोबांनी परत ये म्हणून पत्रे लिहिली. तिने पोस्टकार्डावर उत्तर दिले की मी क्षेत्रसंन्यास घेतला आहे. खरे कारण मला वाटते वेगळे असावे. गावी ती क्षयी विधवा होती. येथे वेदपाठशाळेतल्या पंचवीस मुलांचा स्वयंपाक तिच्या हाती होता, आणि मुले तिच्या धाकात असत.

मी दहा वर्षांचा असताना वडील मला तिच्याकडे घेऊन गेले. तिच्याशी बोलावयाचे तर पाटीवर लिहावे लागे. जिन्याखालच्या त्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली पाटी, ओले फडके आणि पेन्सिलींचा डबा मला आठवतो. मुलांच्या पाटीवरचे शुद्धलेखन ती आधी तपासी आणि मग उत्तर देई. मी लिहिलेल्या 'मणिकर्णिका' या शब्दातला दुसरा णि तिने बोटाने पुसून टाकला, कारण मी तो दीर्घ काढला होता. नावेतून जाताना धुराकडे बोट दाखवून वडिलांनी तिला पाटीवर काहीतरी विचारले. ती मोठ्याने हसली. बहिऱ्या माणसांचा आवाज चढा असतो, आजूबाजूच्या नावांतले लोक वळून पाहू लागले. "अरे, विश्वनाथाला सांगून ठेवलंय मी," ती म्हणाली, "उजवा कान गेलाय, डाव्यात सांग म्हणावं."

१९९३ च्या पौषात ती गेली. वडील पोचले तोवर सगळे उरकले होते. अग्नी पाठशाळेतल्या एका विद्यार्थ्याने दिला होता. शेजारणीने वडिलांना सांगितले की शेवटच्या घटकेला मी तिच्या डाव्या कानाशी रामनाम घेतले; जमलेल्यांतून कोणीतरी उजव्या कानात घ्यावयाचे असते म्हणून हटकले, पण मी ऐकले नाही. वडिलांनी घरी येऊन हे सांगितले तेव्हा आजोबा बराच वेळ पंचाच्या टोकाने चष्मा पुसत राहिले.

२०१७ मध्ये माझी बदली वाराणसीस झाली तेव्हा आईला बरे वाटले नाही. हिशेबखात्यातला अधिकारी काशीत काय, कोल्हापुरात काय, तेच कागद तपासतो, असे मी तिला म्हणालो. चार-पाच महिन्यांतच मला ताप येऊ लागला. डोके असह्य दुखे. दोन आठवड्यांनंतर कचेरीत बसल्या जागी मला माझ्या शिपायाचे नाव आठवेना, आणि त्यानंतरचे अठरा दिवस माझ्या आयुष्यातून कोरे आहेत. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून पाहिले तेव्हा कळले की मेंदूच्या आवरणाला क्षय झाला आहे. स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी या रोगातून बहुधा कोणीच उठत नसे. मला चार औषधे देण्यात आली. पहिल्या दोन महिन्यांत त्यांतले एक स्ट्रेप्टोमायसिनच होते. दर पंधरा दिवसांनी कानाची तपासणी होई. बंद पेटीसारख्या खोलीत बसून, कानात बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबावयाचे. तेथे बसलो की मला पाटी आठवे.

शुद्धीवर आलो तेव्हा उशाच्या कपाटावर घरचा गडू दिसला. तांब्याचा, तोंडाला डाख लावून बंद केलेला गंगेचा गडू. माझ्या मुंजीसाठी आत्याने तो काशीहून पाठविला होता आणि तेव्हापासून तो आमच्या देवघरात होता. तो केव्हा फोडतात हे मराठी घरात कोणास सांगावे लागत नाही. आईने तो पुण्याहून आगगाडीत मांडीवर धरून आणला होता. हाकेच्या अंतरावर गंगा वाहत असताना बंद गडूतली गंगा शेकडो कोसांवरून आणण्याचे कारण मी तिला विचारले नाही. तो फोडावा लागला नाही, एवढे मात्र तिने सर्वांना सांगितले.

वाचलो कशाने, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आईचा विश्वनाथावर भरवसा आहे, पत्नीचा डॉक्टरांवर. हिशेबाच्या पद्धतीत प्रत्येक रक्कम दोन खात्यांत लिहावी लागते, आणि दोन्हींकडे ती खरीच असते. मी या वादात तेवढ्याच अर्थाने तटस्थ आहे. फक्त एक नोंदवून ठेवतो. औषध सबंध वर्षभर, एक दिवस न चुकता घ्यावयाचे असते. पहिल्या तीन महिन्यांत बरे वाटू लागले की पुढचे नऊ महिने रोज सकाळी त्या गोळ्या गिळण्यासाठी जे लागते त्याला श्रद्धेवाचून दुसरे नाव मला सुचत नाही, आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर ठेवलेली होती.

चौथ्या महिन्यात काठी टेकीत मी मणिकर्णिकेवर गेलो. गंभीर काहीतरी मनात यावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मी पाहत राहिलो ते काम. नावांतून ओंडके उतरत होते, मोठ्या तराजूवर लाकडे जोखली जात होती, बांबूच्या तिरड्या गल्लीतून एकामागून एक येत होत्या. कोणी चहा पीत होते, एक बकरी प्रेतावरून उतरविलेल्या झेंडूच्या माळा खात होती, आणि डोम लांब बांबूने निखारे सारीत होता. सुट्टी नाही, पाळी संपत नाही. माझ्या हातातली काठी आणि उतरलेला चेहरा पाहून एक लाकूडवाला जवळ आला आणि त्याने अदबीने विचारले, "किती मण हवे, बाबू?" कोणाचे तरी प्रेत घेऊन मी आलो आहे असा त्याचा समज झाला होता. आज काही नको, असे मी म्हणालो. "ठीक आहे, आम्ही इथंच असतो," असे म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेथून गल्लीगल्लीने ब्रह्माघाटाकडे गेलो. आत्याच्या जिन्याखालच्या खोलीत आता कोणाची तरी सायकल आणि सिलेंडर आहे. वाड्यातल्या तरुण मुलाला मराठी येत होते, पण त्याच्या मराठीतली क्रियापदे हिंदीच्या वळणाने चालत. त्याला आत्या ठाऊक नव्हती. त्याच्या आजीला ठाऊक होती. ती बाहेर आली आणि आपल्या डाव्या कानाला हात लावून माझ्याकडे पाहत राहिली.

२०२० मध्ये माझी बदली नागपूरला झाली. गडू पुन्हा देवघरात आहे. दर कार्तिकात आई तो चिंचेने घासते आणि डाख शाबूत आहे ना, ते पाहते. मग कानाशी धरून हलविते. आतले पाणी थोडे कमी झाले आहे, असे तिचे म्हणणे आहे. बंद भांड्यातले पाणी कमी कसे होईल, असे मी म्हणतो, आणि मीही तो कानाशी धरून पाहतो.